एक माप मोठी फेल्ट हॅट: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या डोक्याचा घेर ५७.५ ते ५८ सेंटिमीटरच्या मधे कुठेतरी येतो आणि मी वापरते ती हॅट ५९ ची आहे. सशाच्या केसांच्या फेल्टची, म्हणजे न विणता तंतू एकमेकांत अडकवून केलेल्या दाट कापडाची, गडद तपकिरी, मध्यम रुंद कडेची फेडोरा, म्हणजे माथ्यावर खळगा आणि पुढे चिमटी असलेली हॅट. मुद्दामच एक माप मोठी घेतली. ५८ ची घातली की कपाळावर आणि डोक्याच्या मागे आवळायची, आणि तरीही कानशिलांपाशी मोकळीच राहायची. ५९ पुढून-मागून नेमकी बसायची, पण दोन्ही बाजूंना करंगळी सहज आत जाईल एवढी फट. आता ती जवळजवळ रोज डोक्यावर असते आणि इतकी नीट बसते की ती घातली आहे हे माझ्या लक्षातही राहत नाही. त्यासाठी काय केलं, त्यातलं काय टिकलं आणि काय बदलावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे. थोडी मोठी होते म्हणून चांगली हॅट कपाटात ठेवून दिलेली माणसं मला वरचेवर भेटतात आणि दर वेळी हळहळ वाटते.

आधी मापाचं बघू. हॅटचं माप म्हणजे आतल्या घेराचा एक आकडा. सेंटिमीटरमध्ये दिलेला असेल तर प्रश्नच नाही. अमेरिकी माप म्हणजे इंचातला घेर भागिले ३.१४, म्हणून तिथे ७ १/८ म्हणजे ५७, ७ १/४ म्हणजे ५८ आणि ७ ३/८ म्हणजे ५९ सेंटिमीटर. एका मापाने घेर साधारण एक सेंटिमीटरने बदलतो. हे सगळं ठीक आहे, पण डोकं गोल नसतं. कुणाचं पुढून मागे लांबट, कुणाचं बाजूंना रुंद, आणि घेर तोच असला तरी एकाला बसलेली हॅट दुसऱ्याला बसेलच असं नाही. १९व्या शतकात पॅरिसमध्ये टोपी करणाऱ्यांसाठी एक यंत्र निघालं होतं, कॉन्फर्मातर नावाचं. ते डोक्यावर बसवलं की चहूबाजूंच्या पट्ट्या डोक्याला येऊन टेकायच्या आणि वरच्या कागदावर टाचण्यांनी डोक्याचा आकार लहान होऊन टोचला जायचा. त्या आकारांची चित्रं पाहिली की कळतं, डोकी किती वेगवेगळी असतात. कुठे एका बाजूला फुगवटा, कुठे कपाळ सपाट. आपल्यासारख्यांना तयार हॅट घ्यायची असते, तेव्हा हा फरक आपला आपणच भरून काढायचा.

म्हणून माझं ठाम मत असं झालं आहे की हॅट ‘मोठी’ आहे असं म्हणून थांबू नये. ती नेमकी कुठे मोठी आहे हे शोधावं. मी हे जाड कागदाच्या पट्टीने केलं. पोस्टकार्डाची बोटभर रुंद पट्टी कापली, हॅट नेहमी घालते तशी घातली, म्हणजे पुढून कपाळाच्या मध्यावर आणि बाजूंनी कानांना न टेकता, आणि ती पट्टी हॅटच्या आतला चामड्याचा पट्टा व डोकं यांच्या मधून सगळीकडे फिरवत नेली. जिथे पट्टी अडते तिथे हॅट टेकलेली आहे. जिथे सरसर जाते तिथे फट आहे. माझ्या बाबतीत पट्टी कपाळावर आणि मागे अडत होती आणि दोन्ही कानांच्या वर मोकळी फिरत होती. त्या जागा लक्षात ठेवायला आतल्या पट्ट्याच्या काठाला कागदी क्लिपा लावल्या. या एका तपासणीमुळे पुढचं सगळं सोपं झालं. डोकं गोलसर असेल तर उलटं दिसेल, बाजू घट्ट आणि पुढे-मागे फट.

केसांचं विसरू नका. मी केस मोकळे सोडले की हॅट थोडी घट्ट होते, मानेपाशी वेणी घातली की सैल. ज्या केशरचनेत हॅट जास्त घालणार, तीच करून माप घ्यायचं. केस बारीक कापून घेणाऱ्यांनी तर कापल्यानंतरच घ्यावं.

आता हॅटच्या आत. चांगल्या हॅटमध्ये आतून चामड्याचा पट्टा असतो, घाम टिपायला आणि हॅट डोक्यावर पकडून ठेवायला. तो फक्त खालच्या काठाला शिवलेला असतो, वरचा काठ मोकळा. अंगठ्याने तो वरचा काठ हलकेच बाहेर ओढला की अख्खा पट्टा उलटून हॅटच्या तोंडाबाहेर उभा राहतो आणि त्याच्या मागे फेल्टची कोरी, न मळलेली बाजू दिसते. पट्टा आणि फेल्ट यांच्या मधली ही खाच म्हणजे फट बुजवणारी भर घालायची जागा. मागच्या बाजूला पट्ट्याचा सांधा असतो, बहुतेक वेळा तिथे छोटासा बो असतो. त्यावरूनच हॅटची मागची बाजू ओळखायची. सांध्यावर कधीही भर घालू नये. तिथे आधीच जाडी असते आणि डोक्याला उंचवटा टोचतो.

पहिला उपाय म्हणून मी फोमच्या तयार पट्ट्या घेतल्या, हॅटचं माप कमी करण्यासाठी मिळतात त्याच, एका बाजूने चिकट. इथे जाडीचा हिशेब करायलाच हवा. पूर्ण घेरभर दीड मिलिमीटर जाडीची पट्टी लावली तर आतला घेर साधारण ९ मिलिमीटरने कमी होतो, म्हणजे जवळजवळ एक माप. तीन मिलिमीटरची पट्टी पूर्ण घेरभर लावली तर जवळजवळ दोन मापं. एक माप मोठ्या हॅटला तीन मिलिमीटरची पट्टी सगळीकडून लावून मग डोकं दुखतं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, ते दुखणं तिथून येतं. मी तीन मिलिमीटरचीच वापरली, पण फक्त दोन तुकडे: कानशिलाच्या मागून सुरू होऊन कानाच्या मागे संपणारे, क्लिपा लावल्या होत्या तेवढ्याच भागात. तुकड्यांची टोकं कात्रीने तिरकी उतरवली, नाहीतर पट्टी जिथे संपते तिथे पायरी तयार होते आणि हॅट काढल्यावर कपाळाच्या बाजूला उभा वळ दिसतो. टोकं उतरवल्यावर हा वळ गेला.

चिकट बाजूवरचा कागद मी काढला नाही. पट्टा परत आत घडी केल्यावर पट्टी दाबून जागेवर राहते, हलत नाही. डिंक एकदा चामड्याला किंवा फेल्टला लागला की नंतर जागा बदलता येत नाही आणि काढताना चामड्याचा पापुद्रा निघतो. सुरुवातीच्या आठवड्यांत मी तुकडे अनेकदा इकडेतिकडे सरकवले, एक बाजू थोडी लांब केली, दुसरी कापली. ते चिकटवले असते तर शक्य नव्हतं.

चष्मा लावणाऱ्यांसाठी खास सूचना. चष्म्याची काडी जिथे कानावर जाते, बरोबर त्याच जागी भर आली तर काडी डोक्यात रुतते आणि तासाभरात कानामागे ठणका लागतो. माझ्या तुकड्यांचा खालचा काठ मी त्या जागी नखाएवढा कापून वर घेतला आहे. बाहेरून दिसत नाही, पण सगळा फरक त्यानेच पडला.

फोमचं पुढे काय झालं? पहिले काही आठवडे उत्तम. मग जिथे जास्त दाब होता तिथे तो चपटा झाला आणि फट हळूहळू परत आली. घाम फोममध्ये शिरतो आणि राहतो, वाळायला वेळ घेतो. उष्ण दिवसांत पट्टा उलटला की कोंदट वास यायचा आणि तुकडे पिवळे पडले होते. हॅट बसेल की नाही हे तपासायला फोम छान आहे, रोजच्या वापरासाठी मी तो शिफारस करणार नाही. त्याच्या जागी मी जाड लोकरी फेल्टचे तुकडे कापून घातले, तेवढ्याच लांबीचे, मध्यभागी दुहेरी आणि टोकांकडे एकेरी. ते चामड्याखाली गपचूप बसतात, घाम टिपतात आणि पट्टा उलटून ठेवला की रात्रभरात वाळतात. महिन्यांनंतरही फारसे दबलेले नाहीत. वर्तमानपत्राच्या लांब घड्या घालायची जुनी पद्धतही मी करून पाहिली. तातडीच्या वेळी ती कामाची आहे, जाडी एकेक घडीने वाढवता येते, पण घामाने कागद लिबलिबीत होतो आणि दर काही दिवसांनी बदलावा लागतो. कॉर्कच्या पातळ पट्ट्याही मिळतात, मी त्या वापरलेल्या नाहीत.

सगळ्यात जास्त सल्ला मिळाला तो वाफेचा. “किटलीवर धर, आटेल.” यावर मला जरा जोर देऊन लिहायचं आहे. फेल्ट आटू शकतो हे खरंच आहे. लोकरीच्या आणि केसांच्या तंतूंवर बारीक खवले असतात, उष्णता, ओल आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकत जातात आणि कापड आकसतं. फेल्ट तयार होतो तोच असा. पण किती आटेल आणि कुठून आटेल हे घरच्या किटलीवर आपल्या हातात नसतं. सशाच्या किंवा बीव्हर या दाट केसांच्या पाणप्राण्याच्या केसांचा फेल्ट बनतानाच खूप आटवून दाट केलेला असतो, तो फार आकसत नाही. लोकरी फेल्ट जास्त आटतो, पण सारखा आटत नाही, माथा वेगळा, कड वेगळी, आणि कड लाटांसारखी उठते. त्यात चामड्याचा पट्टा मापाने शिवलेला असतो. फेल्ट लहान झाला तरी पट्टा तेवढाच राहतो आणि आत चुण्या पडतात. आणि गरम वाफ थेट चामड्यावर गेली तर ते आक्रसून कडक होतं, परत मऊ होत नाही. माझ्या एका मैत्रिणीची सुंदर राखाडी हॅट अशीच वाया गेली. बाहेरून ती ठीक दिसते, आत पट्टा सुरकुतून उभा राहिला आहे आणि कपाळाला प्रत्येक चुणी लागते. रोगापेक्षा उपाय भयंकर म्हणतात तसं झालं. वाफ हॅटला लागते ती माथ्याचे खळगे आणि कड नीट करायला, तीही पट्टा वाचवून. माप कमी करायला ती वापरू नका.

त्याऐवजी एक सौम्य उपाय उपयोगी पडला. पट्टा उलटून त्याच्या आतल्या चामड्यावरून ओल्या बोटांनी हलकेच पाणी फिरवलं, नुसता दमटपणा येण्याइतकं, पट्टा परत आत केला आणि वाळेपर्यंत हॅट डोक्यावर ठेवली. चामडं डोक्याचा आकार घेतं. यामुळे घेर कमी होत नाही, आकार मात्र गोलाकडून लांबट होतो आणि फटी लहान होतात. लांबट डोक्यांना याचा फायदा दिसतोच. काही महिन्यांत रोजच्या वापरानेही हेच घडत गेलं, आणि उजव्या बाजूचा दुहेरी भाग मी आता एकेरी केला आहे. भर काढता येणारी असावी, याचं आणखी एक कारण म्हणजे चामडं घाम आणि उष्णतेने वर्षांगणिक थोडं आटतं. आज एक माप मोठी असलेली हॅट पुढे भर न घालता बसेल, आज नेमकी बसणारी तेव्हा आवळेल.

याच कारणासाठी हॅट उन्हात उभ्या गाडीत किंवा हीटरजवळ ठेवू नका. भिजली तर पट्टा बाहेर उलटून, त्याच्यावर हॅट उभी करून, साध्या हवेत वाळू द्या. एरवी ठेवताना माथ्यावर उलटी ठेवा, म्हणजे कडेवर भार येत नाही. आणि घालता-काढताना माथ्याच्या पुढच्या चिमटीला धरून उचलायची सवय असेल तर ती सोडा. तिथे फेल्ट झिजून शेवटी चीर पडते. दोन्ही हातांनी कडेला धरायचं.

वाऱ्याबद्दल खूप विचारणा होते. व्यवस्थित बसलेली हॅट साध्या वाऱ्यात, चालताना, मान झटकन वळवताना जागची हलत नाही. पण जोराचा वारा कडेखाली शिरला की कितीही नीट बसलेली हॅट उचलली जाते, आणि त्यासाठी भर वाढवून ती आवळून घेणं मला मान्य नाही. अशा दिवशी मी पुढून थोडी खाली घालते. समुद्रकिनारी किंवा बोटीवर जायचं असेल तर कोटाच्या बटणाला बांधायची बारीक दोरी लावते.

हे सगळं एक, फार तर दीड माप मोठ्या हॅटसाठी. दोन मापांहून जास्त फरक असेल तर भर घालून ती डोक्यावर टिकेल, पण माथा चेहऱ्याला मोठा दिसतो आणि कड कानांवर उतरल्यासारखी वाटते, तिथे बदलून घेणंच बरं. घेण्याआधी आत बोट घालून एक गोष्ट तपासा: पट्ट्याचा वरचा काठ मोकळा आहे का. स्वस्त हॅटमध्ये कापडी पट्टा वर-खाली दोन्हीकडून शिवलेला किंवा सरळ चिकटवलेला असतो. त्यात भर घालायला जागाच नसते आणि मग भर पट्ट्याच्या आतून, थेट कपाळाला लागेल अशी चिकटवावी लागते. ते मला रोजच्या वापरासाठी पटत नाही. मोकळ्या काठाचा पट्टा असेल तर एक माप मोठी हॅट बिनधास्त घ्या आणि सोबत लोकरी फेल्टचा तळहाताएवढा तुकडा घेऊन ठेवा, त्यात पुढच्या दोन-तीन वेळच्या पट्ट्या निघतात.