बिगेंड बेरिंग बदलून 8 महिने, 11 हजार किमी: बेरिंग पास, थेंब नापास

बिगेंड म्हणजे पिस्टनचा दांडा इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला (क्रँकला) जोडतो ते टोक, तिथली बेरिंग बदलली. गाडी सेकंडहँड, 2013 ची डिझेल हॅचबॅक. घेतली तेव्हा मीटर 1 लाख 18 हजार दाखवत होता आणि सर्व्हिस बुकात शेवटचा शिक्का 74 हजारचा. तेव्हाच शहाणं व्हायला पाहिजे होतं, पण रंग चांगला होता, एसी गार होता, घेतली.

चार महिन्यांनी पुण्याहून कोल्हापूरला येताना किणी टोलच्या रांगेत आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा मिणमिणला, जरा रेस केलं की जायचा. पुढच्या रविवारी आंबा घाटात तिसऱ्या गिअरला खालून टक टक टक, ॲक्सिलरेटर सोडला की अजून स्पष्ट. बायको म्हणाली काहीतरी वाजतंय, मी म्हटलं डिझेल आहे, वाजणारच. घरी येऊन थोडं ऑइल काढून त्यात चुंबक फिरवला, एक कण चिकटला नाही म्हणून मी निर्धास्त. नंतर कळलं की बेरिंगच्या थरात कथील, ॲल्युमिनियम, तांबं असलं काही असतं, ते चुंबकाला कशाला चिकटेल! तेच ऑइल मिस्त्रींनी बाटलीच्या झाकणात घेऊन उन्हात धरलं तर मेटॅलिक पेंटसारखं चमकत होतं.

आधीच्या एका गॅरेजनं न उघडताच फुल इंजिनचं काम सांगितलं होतं, 68 हजार. गाडीच 2 लाख 40 ला घेतलीय. मग उद्यमनगरातले हे मिस्त्री. यांनी चालू इंजिनचा एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढला, तीन नंबरचा काढल्यावर आवाज अर्ध्यावर आला. म्हणाले, "साहेब, तीन नंबर. चेंबर उतरवून बघू, क्रँक चांगला असंल तर नशीब तुमचं." चेंबर म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं.

इंजिन उतरवायची गरज पडली नाही, सगळं खालून झालं. तीन नंबरचा वरचा शेल (बेरिंगची अर्धगोल पट्टी, वर एक खाली एक) हातात घेतला तर कल्हई उडालेल्या भांड्यासारखा, मधोमध तांबं उघडं पडलेलं. डिझेलमध्ये स्फोटाचा दणका वरच्याच शेलवर बसतो, त्यामुळं खालचा त्यामानानं बरा होता. क्रँकवर नख फिरवलं, कुठं अडकलं नाही, मायक्रोमीटरनं चारही जर्नल (क्रँकवर बेरिंग बसते त्या जागा) उभे-आडवे मोजले, स्टँडर्डमध्येच निघाले. नाहीतर क्रँक बाहेर, ग्राइंडिंग, 10 थाऊचे (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेले, जादा जाडीचे) शेल आणि बिल तिप्पट.

आता खरं कारण. ऑइल पंपाकडं ओढलं जातं तिथल्या स्ट्रेनरच्या जाळीत सिलिकॉनचे (चेंबर गळू नये म्हणून लावायच्या पेस्टचे) शेवयांसारखे तुकडे अडकलेले. आधी कोणीतरी चेंबर लावताना सिलिकॉन थापलेलं, आतल्या बाजूला पिळून आलेलं तुटून जाळीत, ऑइल अर्धपोटी आणि मार खाल्ला बेरिंगनं. तेव्हापासून सिलिकॉन या विषयावर माझं डोकं फिरलंय हे मान्य करतो.

भांडण झालं बोल्टवरून. बेरिंगच्या कॅपचे बोल्ट टॉर्क देऊन (ठरलेल्या जोरानं आवळून) वर आणखी अंशात फिरवायचे असतात, ते ताणले जातात, परत वापरायचे नाहीत. मिस्त्री म्हणाले मी 30 वर्षं तेच लावतो. मी शेजारच्या दुकानातून आठही नवे आणले, 140 ला एक, जीव गेला पण आणले. प्लास्टिगेजची हिरवी वायर (दाबल्यावर किती चपटी होते त्यावरून गॅप कळतो) ठेवून शेल आणि क्रँकमधला गॅप मोजला, 0.05 मिमीच्या आसपास. त्या मोजमापाला त्यांनी जुने बोल्ट वापरले आणि नवे शेवटच्या आवळणीला राखून ठेवले, तिथं त्यांचं डोकं चाललं.

बिल: शेल 2,150, बोल्ट 1,120, ऑइल-फिल्टर 1,900, सिलिकॉन 380, मजुरी 5,000. एकूण 10,550. इंजेक्टरचे कनेक्टर काढून ऑइलचा दिवा जाईपर्यंत नुसता स्टार्टर मारला, मग कनेक्टर लावून चालू केली आणि टकटक गायब. पहिले 500 किमी मी 2,500 आरपीएमच्या वर गेलो नाही, मागून रिक्षावाले शिव्या घालत गेले.

इथपर्यंत पाच स्टार. मग हजार किमीच्या आतच पार्किंगमध्ये रोज सकाळी एक थेंब. एकच, रुपयाएवढा, पण सोसायटीच्या नवीन पेव्हर ब्लॉकवर, आणि सेक्रेटरी आमच्याच मजल्यावर राहतात. मी खाली पुठ्ठा टाकून रोज तारीख घालायला लागलो. मिस्त्रींना म्हटलं तुमचं सिलिकॉन गळतंय, त्यांनी रेघ बारीकच ओढली होती (मीच उभा राहून ओढायला लावली होती), तरी परत चेंबर काढून नव्यानं लावलं. 700 मजुरी म्हणाले, मी वाद घालून एक पैसा दिला नाही. थेंब चालूच. इथं मी दोन स्टार कापून ठेवले होते आणि चार लोकांना त्यांच्याबद्दल सांगूनही झालं होतं.

अपडेट: मागच्या आठवड्यात ऑइल बदलायला गाडी तिथंच नेली. पोरानं ड्रेन बोल्ट काढला आणि तांब्याचा वॉशर मिस्त्रींच्या हातात दिला, चपटा होऊन एका बाजूला चिरलेला. विचारलं, हा जुना कोणी लावला? पहिल्या 500 किमीचं ऑइल 300 रुपये वाचवायला मीच घरी बदललेलं आणि वॉशर पुसून परत तोच लावलेला. चेंबरचं दुसरं काम केलं तेव्हा त्यांच्या पोरानंही तोच परत लावला, पण सुरुवात माझीच. नवीन वॉशर 15 रुपयांचा. आठ दिवस झाले, पुठ्ठा कोरडा आहे.

जुना फिल्टर कापून बघितला, कागदात चमक नाही. किणीला दिवा लागत नाही. स्टार परत पाच केलेत. ते 700 मात्र अजून द्यायचे आहेत, मिस्त्री काही बोलले नाहीत, पुढच्या ऑइलच्या वेळी बघू.