प्रिन्सेस स्ट्रीटमागचं मायक्रोस्कोप दुरुस्तीचं दुकान

मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरणं आमच्या प्रयोगशाळेला नवीन नाही. पण यंदा मायक्रोस्कोपच्या शंभर पटीच्या ऑइल लेन्सवर ती अशी पसरली, की दह्यातल्या जिवाणूंच्या स्लाइडवर लॅक्टोबॅसिलसच्या काड्या आणि स्ट्रेप्टोकॉकसच्या माळा, सगळेच जांभळे डाग. मुलांनी जर्नलमध्ये सरसकट गोळे काढले. आकारच दिसेना तर शिकवायचं काय?

आधी एकाकडे दिली होती. त्याने पैसे घेतले, बुरशी तशीच. मग या जिन्याखालच्या दुकानात गेले. काकांनी आयपीस उलटा धरून लेन्सच्या मागून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "बाई, मागच्या भिंगावर आहे, निघेल. पण काचेवर ओरखडे उठले असतील तर ते राहणार, आत्ताच सांगून ठेवतो." हे आधी सांगणारा माणूस मला महत्त्वाचा वाटतो. चार दिवस लागले, अठराशे रुपये झाले. कंडेन्सरचा डायफ्रॅम, म्हणजे स्लाइडखालून येणारा प्रकाश कमी-जास्त करणारी झडप, अडकायचा, तोही न सांगता मोकळा करून दिला.

त्या डायफ्रॅममुळेच खरी परीक्षा घेता आली. तो आवळून, रंग न देता, साखरेच्या द्रावणातले जिवंत बॅसिलस सबटिलिस जिवाणू लावले. स्वच्छ, सरळ काड्या! मग त्यात लायसोझाइम घातलं, अंड्याच्या पांढऱ्यात असतं तेच. अर्ध्या तासात काड्या फुगून गोल होऊ लागल्या. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मेले का?" नाही मेले. काडीचा आकार पेशीभोवतीच्या पेप्टिडोग्लायकनच्या जाळीदार भिंतीने धरून ठेवलेला असतो. लायसोझाइमने ती जाळी तोडली, की आतला दाब पेशीला गोल करतो. नवी भिंत कुठे विणायची याला दिशा देतं एमआरईबी नावाचं प्रथिन; स्टॅफिलोकॉकससारख्या गोल जिवाणूंकडे ते नसतं. पेनिसिलिन घाव घालतं तेही या विणकामावरच. शेवटी कव्हर स्लिपच्या कडेने साधं पाणी सोडलं. बाहेरची साखर पातळ झाली, भिंत नसलेल्या पेशींत पाणी शिरलं आणि एकेक गोळा फुटून दिसेनासा झाला. वर्गात कुणी बोलत नव्हतं.

उजवीकडच्या कडेला किंचित धूसर आहे, ते ओरखडे. काकांनी सांगितलंच होतं.

दुकान दुपारी दीड ते तीन बंद असतं. बिल हाताने लिहितात, कॉलेजच्या नावाने हवं असेल तर आधीच सांगा. आणि डबा घेऊन जा, लेन्स ते वर्तमानपत्रात गुंडाळून देतात.