मुरघासावर वगारी: आठ महिन्यांचा अनुभव

चोपड्याजवळ आमची शेती. वर्षभराच्या दोन वगारी, म्हणजे म्हशीच्या पारड्या, दिवाळीनंतर मक्याच्या मुरघासावर (हवाबंद पिशवीत आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यावर) घेतल्या. आधी ज्वारीचा कडबा अख्खाच टाकायचो. निम्मा गव्हाणीत तुडवला जायचा आणि वगारींची हाडं दिसायची ती दिसायचीच.

मग मुरघास, कडब्याची कुट्टी, थोडी सरकी ढेप, थोडा मक्याचा भरडा आणि खनिज मिश्रण सुरू केलं. दर पंधरवड्याला टेपने छातीचा घेर मोजतो. मोठीचा घेर 51 इंचांवरून 60 वर गेला. घेर-लांबीच्या सूत्राने वजन शंभरेक किलोने वाढलं, म्हणजे रोज चारशे ग्रॅमच्या आसपास. अंगावर चकाकी आली ती वेगळीच.

जनावरांच्या ढेकरांतून मिथेन हा हवा तापवणारा वायू निघतो. मुरघासाने तो कमी होतो का, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. पण पोटात काय घडतं ते समजून घेतलंय. कोठीपोटातले (पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातले) जंतू चारा आंबवतात, त्यात हायड्रोजन सुटतो. त्याचा मिथेन होऊन ढेकरांवाटे बाहेर पडतो. चारा जून आणि वाळका असला, की त्यातली साधारण 6 ते 7 टक्के ऊर्जा अशी हवेत जाते. आपण विकत घेतलेला चाराच तो! दाण्यातला पिठूळ भाग मिळाला, की मिथेनचा वाटा घटतो. वगार जास्त खाते, त्यामुळे रोजचा मिथेन फारसा कमी होईलच असं नाही. पण वाढलेल्या किलोमागे तो नक्की कमी पडतो. शिवाय ती लवकर माजावर आली, तर दूध न देता पोसायचे महिने वाचतात. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. आमच्याकडचा मे महिना सोसणाऱ्याला हे सांगायला नको.

चूक माझीही झाली. वाढ दिसल्यावर हावरेपणाने मक्याचा भरडा अर्ध्या किलोवरून एकदम दोन किलो केला. दुसऱ्या दिवशी धाकटी खाली बसून, रवंथ बंद, शेण पातळ आणि आंबूस. डॉक्टरांनी खायचा सोडा दिला, भरडा तोडला आणि नुसती कुट्टी खायला लावली. तीन रात्री मी गोठ्यातच झोपलो. चारा बदलायचा तर दोन-तीन आठवडे घेऊन, मूठमूठ वाढवत.

मुरघासाचा मका दाण्यात चीक घट्ट होऊ लागला की कापायचा आणि पिशवीत पायाने तुडवून हवा काढायची. 45 दिवसांनी उघडली, तर आंबटगोड वास यायला हवा. एक पिशवी उंदरांनी फोडली. तिथे काळी बुरशी आली, ती सगळी उकिरड्यावर टाकली. यंदा अर्धा एकर मका मुरघासासाठीच पेरलाय, पिशव्या मात्र फळ्यांवर ठेवणार.