बढती कोणाच्या हातात? सरकारी खातं, सरकारी बँक आणि आयटी कंपनी

पदवीनंतरची दोन-तीन वर्षं परीक्षांमध्ये घालवलेल्या मुलामुलींसमोर कधी कधी एकाच हंगामात तीन दारं उघडतात. एमपीएससीतून सहायक कक्ष अधिकारी किंवा नायब तहसीलदाराचं पद, आयबीपीएसच्या परीक्षेतून सरकारी बँकेतली पीओची, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरची जागा आणि आधीपासून हातात असलेली हिंजवडीतली आयटी नोकरी. घरात पगार, पेन्शन, घरापासूनचं अंतर यांवर भरपूर बोलणं होतं. मग कोणी तरी म्हणतं, "तिथं राजकारण फार चालतं," आणि एक पर्याय तिथल्या तिथे बाद होतो.

हे बाद करणं मला घाईचं वाटतं. राजकारण तिन्ही ठिकाणी चालतं. ते तुमच्या हातून नेमकं काय काढून घेऊ शकतं, हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. ढोबळ सांगायचं तर सरकारी खात्यात ते तुमची खुर्ची ठरवतं, बँकेत तुमचं गाव आणि आयटीत थेट तुमची बढती. यातलं काय गमावणं तुम्हाला चालेल, यावर निवड करावी असं माझं मत आहे.

आधी सरकारी खातं. इथे बढतीचा पाया ज्येष्ठता यादी. जागा रिकामी झाली की विभागीय पदोन्नती समिती, म्हणजे बोलण्यातली डीपीसी, यादीतल्या लोकांचे मागच्या काही वर्षांचे कार्यमूल्यमापन अहवाल पाहते. लोक अजूनही त्याला सीआरच म्हणतात. अ+, अ, ब+ अशा प्रतवाऱ्या असतात आणि त्या ठरावीक पातळीच्या खाली गेल्या की नाव मागे पडतं. पूर्वी साहेबांच्या हातातलं खरं हत्यार हेच होतं, कारण शेरा गुपचूप लिहिला जायचा. 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं देव दत्त यांच्या प्रकरणात ते बरंच बोथट केलं. सीमा रस्त्यांच्या सेवेतल्या या अभियंत्याला एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला होता, बढतीसाठी हवा होता 'खूप चांगला', आणि त्यांना हे कळवलंच गेलं नव्हतं. प्रत्येक शेरा, तो बरा असो की वाईट, संबंधिताला कळवलाच पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं. त्यामुळे आज अहवाल हातात येतो, त्याविरुद्ध वर दाद मागता येते, आणि अन्याय झाला तर मॅटचा, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा दरवाजा आहे. शिवाय आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. जागा रिकामी नसली, तरी पात्र माणसाचा पगार चढतो.

आयटीत याच्या अगदी उलट. ज्येष्ठता यादी नावाची गोष्ट नाही. वर्षाअखेरीस एक बैठक होते, तिला कोणी नॉर्मलायझेशन म्हणतं, कोणी कॅलिब्रेशन. सात-आठ मॅनेजर आणि स्क्रीनवर एकच एक्सेल. एकेका नावाला जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. तुमचा मॅनेजर म्हणतो, "हिनं वर्षभर चांगलं सांभाळलं." बाकीच्यांनी तुमचं नाव ऐकलेलंच नसेल तर कोणी मान डोलावत नाही आणि तुम्ही मधल्या गटात जाता. पुढच्या नावाला दुसऱ्या प्रोजेक्टचा मॅनेजर आपणहून म्हणतो, "हो हो, त्यानं आमचंही काम अडलं होतं तेव्हा सोडवलं." रेटिंग तिथेच ठरतं. वरच्या गटातल्या जागा मोजक्या, कारण पगारवाढीची रक्कम आधीच ठरलेली. लोकांना ठरावीक टक्क्यांच्या गटांत बसवायची ही बेल कर्व्हची रीत जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रमुख जॅक वेल्च यांच्या काळात 20-70-10 अशी गाजली: वरचे 20 टक्के, मधले 70 आणि तळाचे 10. मायक्रोसॉफ्टनं 2013 मध्ये असली सक्तीची क्रमवारी बंद केली. पण बऱ्याच कंपन्यांत नाव गेलं तरी हिशेब तोच राहिला, कारण पैशाची मर्यादा तशीच आहे.

म्हणून आयटीत 'व्हिजिबिलिटी' म्हणजे निव्वळ पुढे पुढे करणं असं समजू नका. त्या बैठकीत तुम्ही नसता, तुमचं कामही नसतं, असतं ते फक्त दुसऱ्यांच्या तोंडी असलेलं तुमचं नाव. हे न्याय्य आहे का? माझ्या मते नाही. सर्वांत जास्त घाव बसतो तो बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईला. 2017 पासून कायद्यानं 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण रजेमुळे अर्धं वर्ष ती कोणाच्या डोळ्यांसमोर नसते. त्या बैठकीत तिच्याबद्दल वाईट कोणीच बोलत नाही, चांगलं बोलायला कोणाला आठवत नाही, आणि तिची बढती पुढच्या वर्षावर जाते. सरकारी खात्यात रजेवर असली म्हणून यादीतलं तिचं नाव खाली सरकत नाही. दोन नोकऱ्यांमधला हा फरक मुलींनी फार गंभीरपणे तोलावा.

मग सरकारी खातं बरं, असा निष्कर्ष लगेच काढू नका. तिथलं राजकारण बदलीच्या टेबलावर चालतं. 2005 च्या बदली कायद्यानं एका पदावर साधारण तीन वर्षं आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत, असं ठरवलं आहे. मध्येच बदली करायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. 1979 च्या वर्तणूक नियमांनुसार बाहेरून दबाव आणायला मनाई आहे. तरी बदल्यांच्या दिवसांत मंत्रालयाच्या जिन्यात शिफारसपत्रं घेऊन फिरणारे लोक कोणाला दिसत नाहीत? एकाच बॅचचे दोन नायब तहसीलदार घ्या. एकाला तालुक्याचं महसुली काम मिळतं, दुसरा जिल्हा कार्यालयातल्या एखाद्या आडबाजूच्या शाखेत फायली पुढे सरकवत बसतो. पगार सारखाच, तहसीलदारही दोघे साधारण बरोबरच होतील. पण दहा वर्षांनंतर एकाच्या हाताला कामाची सवय असते आणि दुसऱ्याच्या मनात कडवटपणा. ज्याला कामाची भूक आहे त्याला हे नुकसान बढती हुकण्यापेक्षा मोठं वाटतं.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. सरकारी खात्यात माणूस अडवायचा तर सीआरपेक्षा विभागीय चौकशी सोपी पडते. डीपीसी तोंडावर असताना दोषारोपपत्र बजावलं गेलं की तुमच्या बाबतीतला निर्णय मोहोरबंद पाकिटात जातो आणि चौकशी संपेपर्यंत तिथेच राहतो. नुसत्या तक्रारीवर पाकीट बंद करता येत नाही, त्यासाठी दोषारोपपत्र हवं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्येच जानकीरामन प्रकरणात सांगितलं आहे. पण चौकश्या वर्षानुवर्षं रेंगाळतात. म्हणून तोंडी आदेशावर सही करायची नाही, टिप्पणी स्वतः लिहायची आणि प्रतीची नोंद ठेवायची. जुने कारकून नव्यांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

बँकेबद्दल थोडक्यात. अधिकाऱ्यांसाठी स्केल वनपासून वर चढत जाणाऱ्या श्रेणींची शिडी आहे. सुरुवातीच्या पायऱ्यांना लेखी परीक्षा, मुलाखत आणि वार्षिक अहवाल यांचे गुण असतात, त्यामुळे अभ्यासू माणसाला साहेबाची मर्जी फारशी नडत नाही. स्केल फोरनंतर मुलाखतीचं वजन वाढतं आणि झोनमधल्या वरिष्ठांच्या मताचंही. बढतीबरोबर बदली येते, अनेकदा राज्याबाहेर. पुण्यातला अधिकारी स्केल थ्री होऊन आसामात जातो, आणि दोन वर्षांत परत यायचं की पाच वर्षांत, इथे ओळखी आणि संघटना कामाला येतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी बढती नाकारणारे अधिकारी बँकेत पुष्कळ दिसतात. त्यांना कमी महत्त्वाकांक्षी म्हणू नये, त्यांनी किंमत मोजून घेतलेला निर्णय असतो तो.

एका बाबतीत मात्र आयटी दोघांच्याही पुढे आहे: सुटका. मॅनेजर खार खाऊन बसला तर 90 दिवसांची नोटीस देऊन माणूस दुसऱ्या कंपनीत जातो, आणि पुष्कळदा दोन वर्षांत न मिळालेली वाढ एका उडीत मिळवतो. सरकारी खात्यात आणि बँकेत राजकारण सौम्य असेल, पण तीच माणसं तुम्हाला तीस वर्षं भेटत राहतात. आज ज्याच्याशी वाजलं तो पुढे तुमचा प्रतिवेदन अधिकारी, म्हणजे तुमचा अहवाल लिहिणारा साहेब होऊन बसतो. वाद विसरता येत नसेल आणि गप्प बसणंही जमत नसेल, अशा स्वभावाला आयटीच सोसते. फक्त बाजार मंदावलेल्या वर्षी हे दार अरुंद होतं, हे लक्षात ठेवा.

माझा कल विचाराल तर असा. घरची जबाबदारी मोठी, रजा लागणार हे दिसतंय, स्वतःची जाहिरात करायला जीव नको म्हणतो: सरकारी खातं घ्या, आणि आवडीची खुर्ची प्रत्येक वेळी मिळणार नाही हे धरून चाला. परीक्षा देत राहायची तयारी आहे आणि महाराष्ट्राबाहेर पाच-सात वर्षं काढता येतील: बँक. काम लोकांपुढे मांडता येतं, नोकरी बदलायची भीती नाही आणि घरकर्जाचा मोठा हप्ता अजून डोक्यावर नाही: आयटी.

निर्णयाआधी एक चौकशी जरूर करा. त्या खात्यात, बँकेत किंवा कंपनीत दहा वर्षं काढलेल्या, पण फार वर न गेलेल्या माणसाला गाठा. वर गेलेले लोक मेहनतीबद्दल सांगतात, ते खोटंही नसतं. मागे राहिलेल्याला विचारा: शेवटची बढती कधी झाली, आधी कोणाची झाली, दाद मागितली का आणि मागितल्यावर काय झालं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐकून घ्या, कारण तिथल्या राजकारणात तुमचं रक्षण करणारं काही आहे की नाही, ते त्यातूनच कळतं.