दे की, दे की : ब्रेस्टपंप पाच महिने वापरल्यावर

बॉक्सवरच्या फोटोतली बाई केस मोकळे सोडून सोफ्यावर बसलीय, हसत हसत दूध काढतेय आणि तिच्या हातातली बाटली गळ्यापर्यंत भरलीय. ही बाई बाळंतीण नाही हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाळंतिणीच्या कानाला फडकं बांधलेलं असतं.

मी बँकेत आहे. 26 आठवड्यांची रजा, त्यातले तीन आठवडे बाळंतपणाआधीच गेले, म्हणजे लेक जेमतेम सव्वापाच महिन्यांचा असताना काउंटरवर हजर. डॉक्टरबाई म्हणाल्या, सहा महिने पुरे होईपर्यंत अंगावरचंच दूध, वरचं काही नको. म्हणून हा पंप घेतला. ऑनलाइन, 2,899 रुपये, एका बाजूचा, चार्जिंगवर चालणारा, नऊ लेव्हलचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. या धाटणीचे डझनभर पंप मिळतात आणि सगळे एकाच साच्यातून पाडल्यासारखे दिसतात.

आमचं गाव गडहिंग्लजकडचं, दारात दोन म्हशी. नवऱ्याच्या आज्जींचं सगळं आयुष्य धारा काढण्यात गेलेलं, त्यामुळे पार्सल उघडल्यावर घरातली तज्ज्ञ मंडळी लगेच पुढं आली.

"ह्ये काय, धारा काढायचं मशीन?"

"तसंच म्हणा, आज्जी."

पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं बसले. दूध निघालं 20 मिली. आज्जींनी बाटली उजेडाला धरून बघितली. "एवढं घिऊन डेअरीत गेलीस तर त्यो मापातसुद्धा घ्यायचा न्हाई."

त्या रात्री मी रडले. आता सांगते, रडायचं काही कारण नव्हतं. बाळ ओढतं तितकं मशीन ओढत नाही, त्यामुळे बाटलीत कमी दिसलं म्हणजे अंगात दूध नाही असा अर्थ होत नाही. हे एक वाक्य बॉक्सवर त्या बाईच्या जागी छापलं असतं तर माझे शतावरीचे दोन डबे वाचले असते.

दुसऱ्या दिवशी आज्जींनी निदान केलं. "म्हैस पान्हा चोरती तशी चोरायलीस तू. मशीनला बघून भ्यालीस." मग त्यांनी मला दाराकडं पाठ करून बसवलं, मांडीवर बाळाचं झबलं टाकलं आणि पुढ्यात ताटलीत दोन अळिवाचे लाडू ठेवले. "म्हशीम्होरं पेंड ठेवल्याबिगर ती दूध देती व्हय?" मला अपमान वाटायला हवा होता, पण तोंडात लाडू होता. दूध आलं 50 मिली.

रात्री माहितीपुस्तिका वाचली. निवांत जागी बसा, बाळाचा फोटो किंवा कपडा जवळ ठेवा, मन शांत असलं की ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन पाझरतं आणि पान्हा सुटतो. फक्त लाडवांचा उल्लेख नव्हता. 2,899 रुपयांत मला जे छापील मिळालं ते गोठ्यात फुकट मिळत होतं.

आता आवाज. जाहिरातीत 'अगदी शांत' लिहिलंय. शांत नाही. आणि तो बोलतो. पहिली दोन मिनिटं मसाज मोड असतो, तेव्हा घाईघाईनं "देकी-देकी-देकी-देकी" म्हणतो. मग मुख्य मोड सुरू झाला की सावकाश, दम धरून, "दे की... दे की..." लेव्हल सहाच्या पुढं "देतीस का न्हाई, देतीस का न्हाई" असं स्पष्ट ऐकू येतं. मला बाळंतपणामुळे भास होतोय असं नवऱ्याचं मत होतं. मग एका रात्री तोच झोपेत म्हणाला, "अगं दे की त्याला एकदा."

लेव्हल नऊवर जाऊ नका. मी गेले होते. ज्यांना वाटतं जास्त ओढलं की जास्त निघतं, त्यांनी आज्जींना विचारावं. त्या म्हणतात, अंगाला दुखलं की म्हैस लाथ मारती आणि बादली जाती. मला तर नंतर कळलं की दुखायचं खरं कारण वेगळंच होतं. छातीला लावायचं नरसाळं बॉक्समध्ये एकाच मापाचं येतं, 24 मिमी. निपलचा व्यास मोजून माप घ्यायचं असतं. माझं निघालं 21. हे मोजमाप मी लेकाच्या मामाच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं केलं, आणि मामा अजून दहावीत आहे, त्यामुळे ती पट्टी मी परत केली नाही, नवी आणून दिली.

बँकेत जागा मिळाली रेकॉर्ड रूममध्ये. जुन्या व्हाउचरचे गठ्ठे, एक खुर्ची, आतून कडी. दुपारी दीड वाजता "दे की, दे की" सुरू. आठवडाभरानं आमच्या शिपाईमामांनी साहेबांना कळकळीनं सांगितलं की नोटा मोजायचं मशीन कुणीतरी आत नेऊन ठेवलंय आणि ते अडकतंय. पण पंप नसतानाचा प्रसंग त्याहून वाईट. एक आजी पेन्शनला आल्या, काखेतला नातू भोकाड पसरून रडला, आणि माझ्या अंगाला ते आपलंच पोर वाटलं. तेव्हापासून नोकरीला गडद रंगाच्या, बारीक फुलांच्या साड्या.

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. घरी नेईपर्यंत ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवायचं, पण तिथं दूध दिसलं की चहात जातं. म्हणून बाटली फडक्यात गुंडाळून वर चिठ्ठी लावली, 'कारल्याचा रस'. तीन दिवस कुणी बघितलंही नाही. चौथ्या दिवशी कर्जविभागातले साहेब अदबीनं म्हणाले, "मॅडम, माझी शुगर वाढलीय. रोज थोडा रस देता का?" आता चिठ्ठीवर 'एरंडेल' आहे.

बॅटरी तीन-चार वेळा काढेपर्यंत पुरते असं लिहिलंय. दोनदा पुरते. ट्रेनिंगसाठी पुण्याला जाताना वाटेतल्या एका स्टँडवर ती संपली. मी हिरकणी बसमधून उतरून हिरकणी कक्षात शिरले. कक्ष असल्याचं खरंच बरं वाटलं, पडदा होता, पंखा होता. पण सॉकेट पंख्याच्या बटणांशेजारी, आणि या पंपाची वायर हातभर. त्यामुळे मी भिंतीला खेटून उभी, मशीन कानाशी फोनसारखं धरलेलं, आणि ते कानात बोलतंय, "देतीस का न्हाई." रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीला निदान मोटर सांभाळायची नव्हती.

स्वच्छता सोपी आहे. मोटर आणि नळी सोडून बाकी सगळं धुऊन उकळता येतं, पण पातेलं वेगळं ठेवा. आमच्याकडं एकदा रश्श्याच्या पातेल्यात उकळलं गेलं आणि लेकानं बाटलीकडं तोंड फिरवलं. दूध फ्रीजमध्ये ठेवलं की वर साय धरते, तेव्हा नासलं समजून ओतू नका, हलक्या हातानं फिरवलं की मिसळतं. आमच्या आज्जी त्या सायीवरच खूश झाल्या. "फॅट बरी हाय गं." माझ्या अख्ख्या बाळंतपणात मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रमाणपत्र.

माझ्याकडून साडेतीन स्टार. वायर लांब असती आणि नरसाळं दोन मापांचं दिलं असतं तर चार दिले असते. सध्या लेक दहा महिन्यांचा आहे, मऊ भात खातो, मी दिवसातून एकदाच काढते, 80-90 मिली निघतं. पण गेल्या आठवड्यात आतली पांढरी सिलिकॉनची झडप, बदकाच्या चोचीसारखी असते ती, भांड्यांच्या गराड्यात हरवली. ती नसली की मोटर नुसती बोलते, ओढत नाही. सुटी झडप विक्रेत्याकडं शिल्लक नाही. कुणाला दुसरीकडं मिळाली असेल तर खाली लिहा. आज्जींनी कुकरची जुनी रिंग कापून देऊ का विचारलंय, आणि कात्री त्यांच्या हातात आहे.