34,700 रुपयांचं गुलाबी पाणी

ट्रेलरचं, म्हणजे गाडीमागं ओढायच्या फिरत्या घराचं, विंटरायझिंग (कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठून काही फुटू नये म्हणून करायची तयारी) करून देतो म्हणणाऱ्याची लबाडी कोल्हापुरात पकडणं महाकठीण, कारण इथं पाणी गोठतच नाही. थंडी फार म्हणजे फार पडली तरी पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. काम खरंच केलं की केल्यासारखं दाखवलं, याचा निकाल लागतो दोन हजार किलोमीटर लांब, आणि तोवर आपले पैसे जिरलेले असतात. माझे जिरले. तुमचे जिरू नयेत म्हणून हे लिहितोय. घरच्यांनी "कशाला चारचौघांत हसं करून घेताय" म्हटलं, तरीही.

जानेवारीत ट्रेलर घेऊन मनालीकडे जायचं ठरलं होतं. ट्रेलर जुना, पुण्याहून घेतलेला. आत 12 व्होल्टचा पंप, 22 लिटरचा गिझर, फिल्टर, संडासाचा फ्लश, सगळं व्यवस्थित. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. पाइप एक वेळ ताणून घेतो, पण पंपाचं डोकं, फिल्टरची वाटी, नळ आणि गिझरची टाकी फुटते. म्हणून जायच्या आधी सगळं पाणी काढायचं, लाइनमध्ये बेताच्या दाबानं हवा मारायची, गिझर बायपास करायचा, म्हणजे लाइन त्याला वगळून बाजूनं जोडायची, आणि उरलेल्या लाइनमध्ये गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत दगडासारखं न गोठणारं द्रव, भरायचं. तिकडे प्यायला-वापरायला पाण्याचे कॅन. एवढं मला ठाऊक होतं. अगदीच अडाणी होतो असं कुणी समजू नये.

महामार्गालगत एक शेड आहे. नाव लिहीत नाही, वकिलांनी सांगितलंय. कारव्हान, ट्रेलर, टेम्पो ट्रॅव्हलर, सगळं करतो म्हणे. माणूस गोड. "काका, तुमी फकस्त च्या घ्या, काम आमच्यावर सोडा." हिशेब असा: अँटीफ्रीझ 20 लिटर, 900 रुपये दरानं 18,000. मजुरी 9,500. बायपासचा व्हॉल्व्ह सेट 4,200. कॉम्प्रेसरनं हवा मारणं 3,000. एकूण 34,700. त्यातले 20,000 यूपीआयनं आगाऊ घेतले, 14,700 रोख. पावती कोऱ्या कागदावर, पेनानं, खाली सही म्हणून एक वेलांटी.

आता ती वेळ. ती आठवली की अजून जेवण जात नाही.

संध्याकाळी ट्रेलर न्यायला गेलो. त्यानं स्वयंपाकाच्या ओट्याचा गार पाण्याचा नळ उघडला, गुलाबी धार आली. "बघा काका, भरलंय." मी विचारलं, गरम पाण्याचा नळ? "त्यो बी तसाच की." आणि त्यानं पंपाचं बटण बंद केलं. मी मान हलवली. पण माझी नजर तेव्हा शेडच्या फरशीवर होती आणि फरशी कोरडी होती. 22 लिटरचा गिझर रिकामा केला, लाइनी रिकाम्या केल्या, टाकी सोडली, तर फरशीवर तळं साचायला हवं होतं. तिथं एका बादलीचाही ओलावा नव्हता. चाकाजवळ हाताच्या पंजाएवढा डाग, बस्स. मी तो डाग पाहिला. पाहिला आणि वर नळाकडे बघितलं, कारण नळातून गुलाबी येत होतं.

वर गणितही तोंडावर होतं. गिझर बायपास केलेला नसेल, तर पंप ओढेल ते अँटीफ्रीझ आधी त्या 22 लिटरच्या पोटात जाणार. त्याच्याकडे कॅन दोन, दहा-दहा लिटरचे. म्हणजे गरम नळातून तशी पक्की गुलाबी धार येणं शक्य नाही, आणि म्हणूनच तो नळ उघडला नाही! हे मला सुचलं कुठं, तर गाडी नाशिकच्या पुढे गेल्यावर.

कुणी म्हणेल लक्ष कुठं होतं. मेव्हण्याच्या घरी साखरपुडा होता, फोनवर फोन चालू होते. आणि खरं सांगायचं तर 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या माणसाला पाणी किती चढलं ते कळतं, गोठलं तर काय करतं ते इथं कोण बघणार? माझी चूक असं मी मानायला तयार नाही. ज्यानं पैसे घेऊन काम केलं नाही, चूक त्याची.

मनालीच्या वर एका रात्री गोठलं. सकाळी पंप नुसता घुरघुरला. तिथल्या मिस्त्रीनं फिल्टरची वाटी उघडली तर आत गुलाबी बर्फाचा आख्खा दंडगोल, काचेसारखा कडक, वाटीला उभी चीर. त्याच्याकडे कूलंट तपासायचं छोटं दुर्बिणीसारखं यंत्र होतं. वितळलेला थेंब काचेवर ठेवला, आतली रेषा शून्य अंशाच्या आसपास, म्हणजे साध्या पाण्यासारखीच. म्हणाला, "साहब, रंग का पानी है." गिझरमध्ये तर रंगसुद्धा नव्हता, कोल्हापूरचं साधं नळाचं पाणी, फुगून टाकीची शिवण उकललेली. बायपासचा व्हॉल्व्ह सेट कुठंच नाही. पंप 8,400, गिझरची टाकी 41,000, फिल्टर 1,850, फिटिंग आणि मजुरी 6,300. म्हणजे 57,550. वरचे 34,700 धरून 92,250 रुपये.

एक तपासणी मात्र कोल्हापुरातही होते, आणि ती फुकट आहे. कॅनमधलं वाटीभर घ्या, घरच्या फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवा. विंटरायझिंगचं खरं अँटीफ्रीझ, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, गोळेवाल्याच्या गोळ्यासारखं भुसभुशीत होईल, कडक दगड होणार नाही. दगड झाला तर सरळ पैसे परत मागा. आणि गाडीच्या रेडिएटरचं कूलंटही गुलाबी मिळतं, ते तर त्याहून वाईट. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष. पिण्याच्या लाइनमध्ये ते घालू देऊ नका.

परत आल्यावर शेडवर गेलो. "काका, तिकडं थंडीच जास्त पडली असंल, आमी काय करणार?" पुढे फोन उचलणं बंद.

मग ठाण्यात. ठाणे अंमलदारांनी विचारलं, गाडी चोरीला गेली? नाही. पैसे ऑनलाइन उडवले? नाही, मीच दिले. "मग काय चोरीला गेलं, पाणी?" शेजारचे दोघे हसले. अँटीफ्रीझ म्हणजे काय, ते मी तीन वेगवेगळ्या टेबलांवर समजावलं. एकानं सांगितलं, फुटलं मनालीत, मग गुन्हा तिकडचा. दुसऱ्यानं सांगितलं, ही दिवाणी बाब. मी म्हटलं, जुलै 2024 पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, सुरुवातीपासून द्यायचंच नव्हतं ते विकलं की ती फसवणूकच. तर "तुम्ही वकील आहात का?" साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेलो, साहेब मीटिंगला. अर्ज ठेवून घेतला, पोच देईनात. पोचेसाठी भांडावं लागलं, अक्षरशः आवाज चढवून. आणखी एका कार्यालयात धडकलो. त्यांचा प्रश्न एकच: कॅनमध्ये दहा लिटर होतं का? होतं. "मग आमचं काम संपलं." आत काय होतं, हे बघणारा माणूस अख्ख्या इमारतीत नाही! एका तक्रार पोर्टलवर यादीत ट्रेलर नव्हता, म्हणून "घरगुती उपकरणे" निवडलं. उत्तर आलं: समोरच्या पक्षाचा प्रतिसाद नाही, प्रकरण बंद. म्हणजे चोरानं फोन उचलला नाही की तक्रार मिटली.

यूपीआयनं दिलेले 20,000 हाच आज माझा एकमेव धड पुरावा आहे. रोख देऊ नका. गिझरच्या मागचे व्हॉल्व्ह काम सुरू व्हायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोबाइलवर टिपून ठेवा. प्रत्येक नळ, गरम आणि गार, फ्लशसुद्धा, स्वतःच्या हातानं उघडा. पाणी सोडतील तेव्हा चहाला जाऊ नका. कॅनचं सील तुमच्यासमोर तुटलं पाहिजे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. इचलकरंजीच्या एका गृहस्थांनाही त्याच शेडनं असंच गुलाबी पाणी विकलंय, त्यांचा आकडा 29,000. आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते, असं वकील म्हणाले. ज्यांनी या थंडीत महामार्गालगत असं काम करून घेतलंय त्यांनी आधी उरलेला कॅन शोधावा आणि ती कच्ची पावती फेकू नये, तिच्यावरची वेलांटी जुळवायची आहे.