चपटा, दोन दांड्यांचा की माळ्यावरचा? न्यू जर्सीत टीव्हीचा अँटेना घेताना

केबलचं बिल वाढून आलं किंवा सुपर बोल जवळ आला, की न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर अँटेनाचा विषय निघतोच. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स आणि पीबीएस हवेतून फुकट मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणीतरी दुकानातून कागदासारखा चपटा अँटेना आणतं आणि खिडकीला चिकटवतं. ढीगभर चॅनेल सापडतात, आणि नेमकं सात नंबरवर, म्हणजे एबीसीवर, चित्राचे चौकोन पडायला लागतात. मग पुढचा प्रश्न: याहून महागडा, अॅम्प्लिफायरवाला घ्यावा का?

बहुतेक वेळा नको. महागडा घेण्याऐवजी वेगळ्या जातीचा घ्या.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मराठी मालिका आणि क्रिकेट यांपैकी काहीही या तारेतून येणार नाही, त्यासाठी स्ट्रीमिंगच लागतं. अँटेना उपयोगाचा तो स्थानिक बातम्या, वादळाच्या वेळची माहिती, अमेरिकन फुटबॉल आणि मुलांसाठी पीबीएस यांच्यासाठी.

सात नंबरचाच त्रास का?

टीव्हीवर दिसणारा नंबर आणि प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा नंबर हे बऱ्याचदा वेगळे असतात. न्यूयॉर्कचं 2 नंबरचं सीबीएस प्रत्यक्षात 36 वर आहे आणि 4 नंबरचं एनबीसी 35 वर. हे दोन्ही यूएचएफ, म्हणजे आखूड लहरींच्या, पट्ट्यात येतात. पण 7 नंबरचं एबीसी खरोखरच 7 वर आहे, 11 नंबरचं डब्ल्यूपीआयएक्स 11 वर, आणि 13 नंबरचं पीबीएस 12 वर. ही तिन्ही व्हीएचएफवर आहेत, आणि त्यांच्या लहरी तिपटीने लांब असतात.

यूएचएफच्या मधल्या चॅनेलला अर्ध्या लहरीइतका, म्हणजे साधारण 11 इंचांचा अँटेना पुरतो. बाजारातले चपटे अँटेना फूटभर रुंद असतात, म्हणून तिथे ते छान चालतात. सात नंबरला मात्र टोकापासून टोकापर्यंत 32 इंच लागतात. फूटभर चौकोनात ते कुठून आणणार? खोक्यावर यूएचएफ आणि व्हीएचएफ दोन्ही छापलेलं असतं, पण त्याने लहरींची लांबी कमी होत नाही.

चपटा आणि दोन दांड्यांचा

दोन दांड्या आणि मधे गोल कडी असलेला जुना रॅबिट इअर्स दहा-पंधरा डॉलरला मिळतो, चपटा वीस ते चाळीसला. दिसायला चपटा सरस, यात वाद नाही. त्याला भिंतीचा रंग दिला की पाहुण्यांना कळतही नाही. दांड्यांचा अँटेना टीव्हीमागून डोकावत राहतो आणि घरात लहान मूल असेल तर आठवड्यात एक दांडी वाकलेली असते.

पण चित्राच्या बाबतीत एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे या पट्ट्यात माझं मत स्वस्तातल्याला. गोल कडी यूएचएफ पकडते आणि दांड्या व्हीएचएफ. मात्र लोक दांड्या पूर्ण बाहेर ओढतात आणि व्ही आकारात छताकडे उभ्या करतात. तसं करायचं नाही. मोजपट्टी घ्या आणि प्रत्येक दांडी 15 इंचांवर ठेवा. सात नंबरला 16 हवी, अकरा-बाराला 14 च्या आसपास. 15 मध्ये तिन्हींचं भागतं. मग दोन्ही दांड्या जवळजवळ आडव्या पसरा, अशा की टॉवरची दिशा त्यांना काटकोनात राहील. एडिसनहून मॅनहॅटन ईशान्येला आहे, म्हणजे एक दांडी वायव्येला आणि दुसरी आग्नेयेला. जिथे एबीसी अडखळत होतं तिथे एवढ्यावर ते स्थिर होतं, हे मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय.

चपटाच हवा असेल, तर बाजूला दोन छोट्या दांड्या जोडलेली मॉडेल्स बघा.

जागा की अॅम्प्लिफायर?

पूर्वी गच्चीवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालच्याने "आलं, गेलं" ओरडायचं, तेव्हा मुंग्या कमी-जास्त झालेल्या डोळ्यांना दिसायच्या. डिजिटलमध्ये सिग्नल एका पातळीच्या वर असेल तर चित्र स्वच्छ, आणि किंचित खाली गेला की काळा पडदा. म्हणून चित्र बघून जागा ठरवू नका. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये सिग्नलचा आकडा मिळतो, तो उघडून ठेवा. सगळ्यात कमजोर चॅनेल लावा, अँटेना खिडकीपाशी धरा आणि एक-एक फूट सरकवा. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना कापतात, त्यामुळे फूटभर अंतराने आकडा धपकन पडतो किंवा वर जातो. तुम्ही स्वतः समोरून बाजूला झालात तरी तो हलतो. हात काढून घ्या, मागे या, मग वाचा.

टॉवरच्या बाजूची खिडकी, शक्य तितकी उंच, ही पहिली पसंती. पण नव्या घरांतल्या उष्णता परतवणाऱ्या काचांवर धातूचा अतिपातळ थर असतो, आणि तो सिग्नलही परतवतो. अशा घरात काचेपेक्षा शेजारची साधी लाकूड-जिप्समची भिंत बरी पडते. त्या भिंतीत अॅल्युमिनियमचा पत्रा असलेलं इन्सुलेशन असेल तर तीही बाद. आणि व्हीएचएफसाठी आणखी एक: स्वस्त एलईडी दिवे आणि फोनचे चार्जर बराच गोंगाट करतात. सात नंबर संध्याकाळीच बिघडत असेल, तर टॉवरला दोष देण्याआधी खोलीतले दिवे एकेक बंद करून बघा.

आता अॅम्प्लिफायर. तो सिग्नल वाढवतो तसा गोंगाटही वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा मिसळतो. अँटेनाने जे पकडलंच नाही ते तो निर्माण करू शकत नाही. त्याचा खरा उपयोग अँटेनापासून पुढचं नुकसान भरून काढायला: लांब केबल, किंवा एका अँटेनावर दोन-तीन टीव्ही. साधा दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक टीव्हीला निम्म्याहून कमी सिग्नल देतो. तिथे अॅम्प्लिफायर हवा, आणि तो स्प्लिटरच्या आधी. सहा फुटांच्या केबलवर एकच टीव्ही असेल तर तो विकत घेऊ नका. घेतलाच असेल तर एकदा तो मधून काढून, रीस्कॅन करून बघा. आणि त्याची यूएसबी वायर टीव्हीच्या मागे सैल झाली की बऱ्याच मॉडेल्समध्ये सिग्नल पुढे जातच नाही, हेही लक्षात असू द्या.

खोक्यावरच्या "150 मैल" वगैरे आकड्यांकडे दुर्लक्ष करा. पृथ्वी गोल आहे. साठ-सत्तर मैलांपुढे छतावरच्या मोठ्या अँटेनालाही क्षितिज आडवं येतं. त्यापेक्षा रॅबिटइअर्स नावाच्या साइटवर पत्ता टाका. प्रत्येक स्टेशनची दिशा, प्रत्यक्ष चॅनेल आणि घराजवळचा अपेक्षित सिग्नल फुकट दिसतो.

गावानुसार

जर्सी सिटीत, ज्याच्या माथ्यावरून प्रक्षेपण होतं ते वन वर्ल्ड ट्रेड सेंटर नदीपलीकडे दिसतं. तिथे अडचण असलीच तर सिग्नल जास्त असल्याची असते. अॅम्प्लिफायर लावला तर ट्यूनर गुदमरतो आणि असलेले चॅनेलही जातात. दहा डॉलरवाला घ्या आणि विषय संपवा. खिडकी पश्चिमेला असली तरी बऱ्याचदा चालून जातं.

एडिसनच्या आसपास अंतर पंचवीसेक मैल. वर सांगितलेली सगळी खटपट इथल्यासाठीच आहे, आणि इथे ती फळते. तळमजल्यावर, उलट बाजूच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर मात्र बाल्कनीचा विचार करा. घरमालक "बाहेर काही लावायचं नाही" म्हणतो तेव्हा बरेच जण गप्प बसतात. पण केंद्रीय दूरसंचार आयोगाचा, एफसीसीचा, 1996 चा नियम भाडेकरूच्या बाजूने आहे: जी बाल्कनी फक्त तुमच्या वापरात आहे, तिच्यात टीव्हीचा अँटेना ठेवता येतो. कठड्याबाहेर काढायचा नाही आणि सामाईक भिंतीला भोकं पाडायची नाहीत, एवढं पाळा.

प्लेन्सबरो, प्रिन्सटन ही अवघड जागा. न्यूयॉर्क ईशान्येला, फिलाडेल्फियाचे टॉवर नैर्ऋत्येला, आणि दोन्ही लांब. त्यात फिलाडेल्फियाचं एबीसी प्रत्यक्ष 6 नंबरवर, म्हणजे व्हीएचएफच्या खालच्या टोकाला. त्याला दांडी जवळजवळ तीन फूट लागते. खोलीतल्या अँटेनावर इथे पैसे घालू नये असं माझं मत. स्वतःचं टाउनहाऊस असेल तर माळ्यावर व्हीएचएफ-यूएचएफ दोन्हीचा, काड्याकाड्यांचा मोठा अँटेना बसवा. साठ ते शंभर डॉलर आणि एक रविवार. छपरावरचा जास्त चांगला, पण माळ्यावर बर्फ-वाऱ्याचा आणि सोसायटीच्या पत्रांचा त्रास नाही. एकच शहर निवडा आणि तोंड तिकडे करा.

तिथे भाड्याने राहत असाल आणि बाल्कनीही चुकीच्या दिशेला असेल, तर स्ट्रीमिंग घ्या. सगळे स्थानिक चॅनेल एकत्र देणाऱ्या सेवा महिना 80 डॉलरच्या पुढे गेल्यात. तेवढं नको असेल तर पीकॉकच्या वरच्या प्लॅनमध्ये स्थानिक एनबीसी आणि पॅरामाउंट प्लसच्या वरच्या प्लॅनमध्ये सीबीएस थेट दिसतं. हंगामापुरतं घेऊन बंद करता येतं.

नेक्स्टजेन टीव्ही ही हवेतल्या प्रक्षेपणाची नवी पद्धत येतेय म्हणून कुणी थांबायला सांगत असेल, तर थांबू नका. त्याला ट्यूनर नवा लागतो, अँटेना हाच चालतो.